वसतिगृहाचे दार

आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकींत एक प्रश्न अधूनमधून निघतो आणि चहाबरोबर विरून जातो. जातिनिर्मूलनाची भाषा बोलणाऱ्यांनी आदिवासी विद्यार्थ्यांच्या वेगळ्या वसतिगृहांचा आग्रह का धरावा? मुलांना समाजवार एका छपराखाली ठेवणे म्हणजे समाजातील भिंती अधिक पक्क्या करणे नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. मात्र त्याचे उत्तर शोधताना भामरागड तालुक्यातून बारावी होऊन गडचिरोलीस किंवा चंद्रपुरास महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकणारा मुलगा डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

हा मुलगा माडिया. घरची भाषा माडिया, शाळेची मराठी, आणि महाविद्यालयात गाठ पडते ती इंग्रजी ग्रंथांशी. गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे अनेक पावसाळ्यांत घडत आले आहे. आणि महाविद्यालये सुरू होतात ती नेमकी पावसाळ्यातच. गावी तो एकटा कधीच नव्हता. गोटुलात तरुण जमत, गावाची बैठक तेथेच बसे, पाहुणा तेथेच उतरे. शहरात आल्यावर प्रथमच त्याला स्वतःच्या नावावर निवारा मागावा लागतो. घरमालक आधी आडनाव विचारतो. आत्राम, मडावी, पुंगाटी असे उत्तर मिळाले की खोली ‘कालच दिली’ असे कळते. वेगळेपणाच्या भिंतीविषयी बोलणाऱ्यांनी ही भिंत आधी पाहावी. ती वसतिगृहाने उभारलेली नाही.

शिवाय ज्याला आपण ‘एका समाजाचे वसतिगृह’ म्हणतो, ते खरोखर एका समाजाचे असते काय? तेथे भामरागड-एटापल्लीचा माडिया असतो, कोरची-कुरखेड्याकडचा कंवर आणि हलबा असतो, जिवतीच्या डोंगरातला कोलाम असतो, राजगोंड असतो, परधान असतो. माडियाची बोली हलब्याला कळत नाही, कोलामाची गोंडाला कळत नाही. महाराष्ट्रात अतिदुर्बळ म्हणून नोंदलेल्या तीन आदिम जमातींपैकी माडिया आणि कोलाम या दोन या दोन जिल्ह्यांत आहेत. बाकीच्या आदिवासींतही त्यांना मागे रेटले जाते. गावी असताना ही मुले एकमेकांना परकीच होती. एका पंगतीत बसल्यावर, एकाच दिव्याखाली अभ्यास केल्यावर त्यांना उमगते की आपले दुखणे एक आहे. वनहक्काचा दावा, जातवैधतेचा दाखला, थकलेली शिष्यवृत्ती, सुरजागडच्या लोहखनिजाचा वाद, या सर्वांची चर्चा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वर्गात ऐकत नाही. ती तो रात्री वसतिगृहाच्या पायरीवर ऐकतो. ‘आदिवासी’ हा शब्द दाखल्यावरून उतरून त्याच्या मनात येतो तो येथेच.

महाराष्ट्राने हा वाद पूर्वीच अनुभवला आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले; पुढील काही वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत अशी वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृहे काढणारा हा राजा जातिभेदाचा कैवारी नव्हता. बंद दारे ठोठावीत बसण्यापेक्षा ज्याचे त्याचे दार आधी उघडून द्यावे, हे त्याने ओळखले होते.

पण या व्यवस्थेची मर्यादा दाखविणारा प्रसंगही कोल्हापुरातच घडला. जैन वसतिगृहातील एक विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास जाऊन आला. परतल्यावर स्नान करूनच भोजनास बसावे, असा दंडक त्याला घालण्यात आला. त्याने तो नाकारला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचेच नाव दिले. त्यांनी शाहूंचा मार्ग नाकारला नाही, तो पुढे नेला. वेगळे वसतिगृह हा उंबरठा आहे. उंबरठ्यावर कोणी कायमचे बसत नाही, परंतु त्याला वगळून घरात प्रवेशही होत नाही.

दूरच्या अमेरिकेतही हाच विचार झालेला दिसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात तेथील मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या परंपरेला वाहिलेले एक निवासगृह आहे, कृष्णवर्णीयांच्या परंपरेचे दुसरे आहे. दुसऱ्याचे नाव ‘उजामा’. टांझानियाच्या ज्युलियस न्येरेरे यांनी आपल्या समाजवादासाठी वापरलेला हा शब्द. या घरांत इतर विद्यार्थीही राहतात. घराचा स्वभाव एका समाजाचा, पण दाराला कडी नाही. या व्यवस्थेपासून आपण काही शिकण्यास हरकत नाही.

आपल्याकडे मात्र शासनाने तिसरीच वाट धरली. २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने ‘स्वयम्’ योजना आली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यास भोजन, निवास व निर्वाहासाठी वर्षाला रोख रक्कम देण्याची ही योजना. आरंभी मोठ्या शहरांत ६० हजार, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये. नंतर एप्रिल २०१८ मध्ये वसतिगृहांतील भोजनासाठीही पैसे थेट बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. हाती पैसे मिळत असताना ही मुले रस्त्यावर का उतरली, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. रक्कम खात्यात वेळेवर येईलच असे नाही, भूक मात्र रोज लागते. घरी आजारपण असेल तर जेवणाचे पैसे गावी जातात आणि मुलगा एक वेळ उपाशी राहतो. शिवाय, ज्या घरमालकाने आडनाव ऐकून दार लावून घेतले, तो बँकेचे पुस्तक पाहून दार उघडील, हा भाबडेपणा आहे.

ठेकेदाराचे जेवण निकृष्ट होते, ही तक्रार विद्यार्थ्यांचीच होती, असे यावर सांगितले जाते. ती खरीच होती. मग ठेकेदार हटवावयाचा होता. पंगत का मोडली? भोजनगृह विद्यार्थ्यांच्या निवडलेल्या समितीकडे का सोपविले नाही? किराणा आणणे, हिशोब लिहिणे, तो सर्वांपुढे वाचणे, यातून जे शिक्षण मिळते ते अभ्यासक्रमात कोठे आहे? गोटुलात वाढलेल्या मुलाला सामुदायिक कारभार शिकवावा लागत नाही. तो त्याच्याकडून हिरावून न घेणे एवढेच पुरे असते.

आजच्या वसतिगृहांचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. प्रवेशाची यादी उशिरा लागते आणि महाविद्यालय सुरू होऊन गेलेले असते, हीच पहिल्या वर्षाच्या मुलाची मोठी परीक्षा. नातेवाइकाच्या ओट्यावर किंवा मित्राच्या खोलीत लपूनछपून काढलेल्या त्या आठवड्यांतच कित्येक मुले गावी परततात. त्यांची नोंद ‘गैरहजर’ अशी होते. ‘बेघर’ अशी होत नाही.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. महाविद्यालय उघडण्यापूर्वी वसतिगृह उघडले पाहिजे. भोजनगृह विद्यार्थी समितीच्या हाती असले पाहिजे. माडिया, गोंडी, कोलामी जाणणारा मार्गदर्शक तेथे असला पाहिजे. आदिवासींच्या एकाही जागेस हात न लावता वाढीव जागा निर्माण करून त्यांवर इतर गरीब समाजांतील मुलांनाही तेथे राहता यावे, म्हणजे उंबरठ्यापलीकडील वाट तेथूनच सुरू होईल.

आणि एक काम आपले स्वतःचे आहे, त्याला शासननिर्णयाची गरज नाही. आपल्यापैकी ज्यांची शहरात घरे आहेत, ज्यांच्या खोल्या भाड्याने जातात, त्यांनी या जूनमध्ये आडनाव न विचारता खोली द्यावी. भिंती पाडण्याचा उपदेश वसतिगृहातील मुलाला करण्यापूर्वी आपल्या घराचे दार आपण उघडून पाहिले पाहिजे.