फोटो काढून झाला असेल तर आता दुसऱ्यांदा या



परवा सकाळी मोबाईलनं आपोआप एक जुना फोटो पुढं केला. मे २०१८. आमच्या गावाच्या माळावर दोन-अडीचशे माणसं, हातात टिकाव, डोक्याला टॉवेल. पुढं मी उभा, पाटी अशी धरलेली की जणू सगळा डोंगर मीच उकरलाय. वॉटर कपचं वर्ष होतं ते.

फोटो बघितला आणि चहा तसाच ठेवून माळावर गेलो. पायवाटेनं वीस मिनिटं लागतात. खरं सांगतो, सहा वर्षांत कामासाठी म्हणून मी तिकडं एकदाही गेलो नव्हतो. शेरडं चुकली की तेवढंच जाणं व्हायचं.

वर काय दिसलं? दोन फूट रुंद आणि एक फूट खोल काढलेले समतल चर गाळानं काठोकाठ भरलेले. निम्म्या ठिकाणी चर कुठं होता तेच कळत नाही. चार जागी भराव फुटलाय. चर भरला की पाणी त्यात थांबत नाही, सगळं एका जागी गोळा होतं आणि जिथं भराव कच्चा तिथून धार फोडून खाली येतं. त्या धारेनं खालच्या एका गरीब माणसाच्या रानात कमरेएवढी घळ पाडलीय. चर खोदलेच नसते तर पाणी पसरून आलं असतं, एवढी घळ पडली नसती. म्हणजे आमच्या श्रमदानानं त्याचं रान खाल्लं. तो बिचारा एका शब्दानं बोलला नाही, कारण फोटोत तोही आहे.

म्हणून आज थोडं कडू लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

आधी एक सांगून ठेवतो, माझा राग श्रमदानावर नाही आणि त्या स्पर्धेवर तर नाहीच. २०१६ ला पहिल्या वर्षी राज्यातले तीनच तालुके होते, त्यात आपला कोरेगाव होता, आणि वेळू गावानं पहिला नंबर काढला. २०१८ ला माणमधल्या टाकेवाडीनं काढला. माणसारख्या तालुक्यात पाण्यासाठी गाव एका दिलानं उभं राहणं ही लहान गोष्ट नाही. स्पर्धा ४५ दिवसांची होती. पुढच्या पावसाळ्यानंतर गाळ काढायला परत कुणी यायचं, हे ठरवणं आमचं काम होतं. ते आम्ही केलं नाही. बक्षिसाची आशा संपली, टिकाव माळ्यावर गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे. मदत कशी होती हे पहिल्या दिवशी कळत नाही, तुम्ही दुसऱ्यांदा गेलात का यावर ते कळतं. झाड लावणारे ढीगभर आहेत, त्याला मार्च-एप्रिलमध्ये पाणी घालणारा दाखवा. १५ ऑगस्टला आमच्या गायरानात दरवर्षी त्याच खड्ड्यात रोप लावतात. खड्डाही आता ओळखायला लागला असेल.

दुसरी गोष्ट, मदत आपल्या सोयीची असते का समोरच्याच्या गरजेची? हे मला २०१९ च्या महापुरानं शिकवलं. ऑगस्टमध्ये कृष्णा फुगली, सांगली बुडाली, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ती बातमी ऐकून आमच्या गावात त्या रात्री घराघरात भाकरी थापल्या. टेम्पो भरला आणि पाणी थोडं उतरल्यावर आम्ही पलूस तालुक्यातल्या एका गावात पोचलो. आमच्या आधी अकरा गाड्या उभ्या. सगळ्यांत भाकरी, चपाती, बिस्किटं आणि जुने कपडे. शाळेच्या पटांगणात कपड्यांचा ढीग पावसात भिजून कुजत होता. त्यात फाटक्या साड्या होत्या, लग्नातला कोट होता. आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली आणि पुण्य मिळालं असं समजलो.

एक म्हातारे बाबा घराच्या दारात बसले होते. मी भाकरीची चवड पुढं केली. ते म्हणाले, "भाकरी लय झाली बाबा. खराटा हाय का?"

खराटा नव्हता. टेम्पोभर माणसांत एकाच्याही डोक्यात खराटा आला नव्हता. घरात मांडीएवढा चिखल, त्याला वास सुटलेला, आणि गोठ्यात राहिलेल्या दोन म्हशींना वैरणीची काडी नाही.

परत येताना टेम्पोत कुणी बोललं नाही. पण आमच्यातल्या एका द्राक्षवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चार दिवसांनी आम्ही फक्त सातजण परत गेलो. बरोबर दोन एचटीपी पंप, औषध फवारायची टाकी, शंभर मीटर नळी, खोरी, खराटे आणि एक ट्रॉली कडबा. बागेवर फवारणी करतो त्याच पंपाच्या प्रेशरनं घरं धुतली. एका दिवसात चौदा घरं झाली. औषधाची टाकी आधी सोड्यानं धुवून नेली होती, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर कुणी तशीच न्यायचा. त्या दिवशीचा एकही फोटो आमच्याकडं नाही, कारण हात चिखलात होते.

शेतकऱ्याकडं काय आहे ते बघा. पंप आहे, ट्रॅक्टर आहे, वैरण आहे, जनावर सोडवायची अक्कल आहे. हे सोडून आपण शहरातल्या मंडळांसारखी बिस्किटं वाटत बसतो.

तिसरी गोष्ट घरातली आहे. माझा चुलतभाऊ मोटर चालू करायला गेला आणि शॉक लागून गेला. सोयाबीन काढणीला आलेलं, पानं गळालेली, शेंगा वाजायला लागलेल्या. वर परतीचा पाऊस टपलेला. सोयाबीन जास्त वाळलं तर शेंगा तडकून दाणा रानात पडतो आणि भिजलं तर शेंगेतच मोड येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. गावच्या ग्रुपवर त्या दिवशी 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे मेसेज मोजले, ऐंशीच्या वर होते. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून झाली आणि मी रानात गेलो तेव्हा विळा घेऊन आलेले किती? मला धरून चार.

आमच्या वडलांच्या काळात असं होत नव्हतं. कुणाचं अडलं की इर्जिक घालायची. ज्याची बैलं आहेत तो बैलं घेऊन यायचा, ज्याच्याकडं काही नाही तो नुसता हात घेऊन यायचा. एका दिवसात रान नांगरून मोकळं, आणि ज्याचं रान त्यानं जेवायला घालायचं. कुणी उपकार केला असं म्हणत नव्हतं, कारण पुढची इर्जिक आपल्याकडंही लागू शकते हे सगळ्यांना माहीत होतं. पैरा, सावड, वारंगुळा, गावोगाव नावं वेगळी. आता ते शब्द पोरांना समजावून सांगावे लागतात. त्यांना 'सोशल वर्क' कळतं.

शेवटी चौघांनी फोन फिरवले, दारोदार गेलो, दुसऱ्या दिवशी तेवीस विळे झाले आणि संध्याकाळी पीक ताडपत्रीखाली गेलं. पण खरी मदत त्या तेवीसजणांनी केली नाही. ती केली एका बी.एस्सी. ॲग्री शिकणाऱ्या पोरानं, जो रानात आलाच नव्हता. त्याचा बाप सगळ्यांसमोर त्याला बोलला, "मोबाईल घेऊन बसलाय लेकाचा." तो पोरगा वहिनीजवळ बसून कागद गोळा करत होता. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, सातबारा, वारसाची कागदं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, त्यात शॉकही बसतो, सापही बसतो. अर्ज तालुका कृषी कार्यालयात मुदतीत जावा लागतो. हे आमच्या भावकीतल्या एकालाही माहीत नव्हतं. रडायला सगळे होतो. तो पोरगा सहा वेळा तालुक्याला गेला, सहाही वेळा स्वतःच्या पेट्रोलनं. वारस नोंदीचा अर्ज त्यानंच दिला. पुढच्या हंगामाची ई-पीक पाहणी त्यानं वहिनीच्या रानात उभं राहून तिच्याच मोबाईलवर केली आणि तिला शिकवली. पैसे यायला वेळ लागला, पण आले. त्यावर त्या घराची सोसायटी भागली.

मी त्याला सेवा म्हणतो. घाम हातातूनच यायला पाहिजे असं काही नाही. ज्याला जे येतं ते त्यानं द्यावं, आणि काम तडीला जाईपर्यंत द्यावं.

काहीजण म्हणतील, "अहो, काहीच न करण्यापेक्षा एक दिवस तरी करतात ना? त्यांना नावं कशाला ठेवता?" हा प्रश्न मी स्वतःला माळावर त्या घळीच्या काठावर उभं राहून विचारला. अर्धवट केलेलं काम काही वेळा न केलेल्या कामापेक्षा वाईट असतं. फुटलेला चर हे त्याचं उदाहरण. आणखी एक नुकसान होतं जे दिसत नाही. एकदा माणसं येऊन फोटो काढून गेली की पुढच्या वेळी गावाचा विश्वास उडतो. मग खरं काम करणारा आला तरी लोक विचारतात, "हा कशासाठी आलाय?"

दुसरे म्हणतील, आमचंच पोट भरेना, सेवा कुठली? बरोबर आहे. पण आपल्या जिल्ह्याचा इतिहास काढून बघा. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा ती श्रीमंतांच्या थैलीवर नाही चालली. बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायच्या, मुष्टी फंड म्हणून. एक मूठ कुणालाही जड नाही. पण ती परत परत निघत होती म्हणून त्यावर बोर्डिंगातली पोरं जगली. वर्षातून एकदा पोतं देऊन फोटो काढला असता तर पोरं अकरा महिने उपाशी राहिली असती.

आणि आपल्या येरळेवरचं बळीराजा धरण आठवा. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात बलवडीजवळ लोकांनी ते बांधलं. मुक्ती संघर्ष चळवळीनं लावून धरलं, नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला. बाहेरून शिकलेली पोरं आणि इंजिनिअर हातभार लावायला आले. पण ठरवलं गावानं. पाणी जमिनीच्या मापानं न देता घरागणिक सारखं, आणि भूमिहीनालाही वाटा. ज्याला रान नाही त्याचाही त्या धरणावर हक्क, म्हणून त्याचाही त्यात जीव. आमच्या माळावर आम्ही उलटं केलं. खोदायला सगळे आणि पाणी वाढल्यावर ऊस लावायला विहीरवाले. मग भूमिहीन माणूस दुसऱ्या वर्षी गाळ काढायला कशाला येईल? मी विहीरवाला आहे, म्हणून हे मला बोललंच पाहिजे.

आता कृषी खात्यातले, कॉलेजातले जे साहेब हे पान वाचतात त्यांना हात जोडून. शिबिराला या, व्याख्यान द्या, पण माती परीक्षणाचा कागद हातात देऊन जाऊ नका. तो कागद बहुतेक घरात कोनाड्यात पडतो. खत टाकायच्या आठवड्यात परत या आणि त्याच कागदावर बोट ठेवून सांगा, "पालाश भरपूर आहे, ती गोणी घेऊ नको." त्या एका वाक्यानं शेतकऱ्याचे पैसे वाचतील. कॉलेजच्या पोरांचं सात दिवसांचं शिबिर असतं, त्यातले पाच दिवस या वर्षी आणि दोन दिवस पुढच्या वर्षी त्याच गावात, असं करता येईल का बघा.

आपल्या गावकऱ्यांसाठी माझं साधं गणित आहे. मदतीला निघण्याआधी एक फोन करा आणि विचारा, काय पाहिजे. आपल्याला जे येतं तेच घेऊन जा. परत कधी येणार ती तारीख पहिल्याच दिवशी सांगून या. तारीख सांगायला जीभ अडखळत असेल तर समजा, आपण फोटोला निघालोय.

येत्या अमावस्येला नाहीतरी औत धरत नाही. सकाळी सहाला मी माळावर खोरं घेऊन असेन. आधी खालच्या रानातली घळ बुजवायची, फुटलेले भराव बांधायचे, मग वरून चरांचा गाळ काढत यायचं. गाळ ज्याचं रान गेलं त्याच्या रानात टाकायचा, विहीरवाल्यांच्या नाही. विहीरवाल्यांनी डिझेल द्यायचं, ते मी आधी देतो. दुसरी तारीखही आत्ताच सांगतो, दिवाळीनंतरची पहिली अमावस्या.

पहिल्या दिवशी चारजण आले तरी चालतील. सोयाबीनलाही चारच होते.