दिव्यांग बालकांचे मुखस्वास्थ्य : गंडूषापूर्वी गिळणे पाहावे

सुश्रुताचार्यांनी ६५ मुखरोग वर्णिले. आपल्या दिनचर्येत दंतधावन, जिव्हानिर्लेखन व गंडूष यांना मानाचे स्थान आहे. अशा परंपरेच्या वैद्याकडे दिव्यांग बालक येते, तेव्हा मात्र बहुधा त्याचे मुख तपासले जात नाही. पालक आक्षेप, मलावष्टंभ वा चालण्यातील अडचण सांगतात आणि चिकित्साही तेथेच थांबते. बोलू न शकणारे बालक दंतशूल सांगणार कसे? ते घास नाकारते, रात्री जागते, गालावर हात मारून घेते; आणि घरचे त्याला हट्टी ठरवतात.

आमच्या मते याहून गंभीर प्रश्न सरसकट गंडूष सांगण्याचा आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या बालकास द्रव मुखात धरून थुंकता येत नाही, त्याच्या श्वासमार्गात ते तेल वा क्वाथ जाऊन फुफ्फुसदाह होऊ शकतो. शार्ङ्गधराचार्यांनी कवलास पाचव्या वर्षापासून अनुमती दिली, म्हणून पाच वर्षांवरील प्रत्येक बालकास तो द्यावा असे नव्हे. वाग्भटाचार्यांनी श्वास, कास व अर्दित यांत दंतकाष्ठ वर्ज्य मानले आहे. शास्त्र केवळ वय पाहत नाही, रुग्णाची अवस्था पाहते.

मग करावे काय? पालकाने मागे बसून बालकाचे डोके आधाराने किंचित पुढे झुकते ठेवावे व मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासावेत. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पुरे. थुंकता येत नसल्यास उरलेली ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. प्रतिसारण करावयाचे तर अल्प कल्काचा पातळ लेप बोटाने द्यावा. कोरडे चूर्ण टाळावे.

आपल्या औषधांकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. अवलेह, शार्कर, मधाचे अनुपान ही निजताना दिली, तर शर्करा रात्रभर दातांवर राहते. ती दात घासण्यापूर्वी द्यावीत. आक्षेपांसाठी फेनिटोइन घेणाऱ्या बालकाच्या हिरड्या वाढल्या, तर ते औषध परस्पर बंद न करता मूळ चिकित्सकाशी बोलावे. डाउन सिंड्रोममध्ये हिरड्यांचे विकार लवकर बळावतात. तेथे रक्तस्राव दिसताच दंतवैद्याकडे पाठवावे. कृमिदंतातील खड्डा लेपाने भरून येत नाही, हे स्पष्ट सांगण्यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये अशा रुग्णांस तपासणीत व उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. त्याचा प्रारंभ आपल्याच चिकित्सालयातून व्हावा. वैद्यबंधू-भगिनींनी नाडी व जिव्हा पाहताना बालकाचा ओठ उचलून दात-हिरड्याही पाहाव्यात आणि पालकांस एकच प्रश्न अवश्य विचारावा : पाणी पिताना याला ठसका लागतो का? त्या उत्तरावरच गंडूषाचा निर्णय अवलंबून असावा.