कल्हई आणि कळफलक

भंडारा हा पितळी भांड्यांचा गाव. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकते, हे येथे पोरासोरांनाही ठाऊक असे. कल्हईवाला नवसागर टाकी, कथील फिरवी आणि पातेले पुन्हा चुलीवर जाई. फडताळात मिरवायला नव्हे. जुने घरगुती संगणक दुरुस्त करण्याच्या छंदालाही मी हीच कसोटी लावतो.

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये ब्रिटिश स्पेक्ट्रमची परवानाकृत आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने बाजारात आणली. स्मृती अवघी ४८ किलोबाइट. पडदा म्हणून घरचाच टीव्ही, साठवणीला कॅसेट. आज माळ्यावरचा असा संच उतरवला, तर कळफलकाखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कडक होऊन तडकलेल्या आणि कपॅसिटर सुकलेले आढळतात. दोन्ही नवे मिळतात. मात्र जुना वीजपुरवठा जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज बटण दाबू नये.

इतके करून तो संच काचेच्या कपाटात गेला, तर श्रम वाया गेले असे मी म्हणेन. हातातला मोबाइल मुलांना उघडता येत नाही. हे यंत्र काही स्क्रू काढताच आपले पोट दाखवते. ‘पी’ची कळ दाबली, की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटतो. पुढे काय छापायचे, ते मुलानेच ठरवायचे. यंत्र राबते, पण हुकूम आपला, हा धडा नातवंडांना आणखी कुठे इतका सोपा मिळेल? तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी माळा एकदा पाहून घ्यावा.