ट्रंकेतले लुगडे आणि ज्योतीची साक्ष

कर्जत-खालापूरकडील जुन्या घरांत माळ्यावरची ट्रंक उघडली, की डांबरगोळ्यांच्या वासासह एखादे नऊवारी लुगडे बाहेर येते आणि ‘हे अस्सल रेशीम’ असा निर्वाळा वडीलधारी मंडळी तत्काळ देतात. त्यास दाखला काय, हे मात्र कोणी पुसत नाही. वास्तविक खातरजमा सोपी आहे. पदराच्या दशांतला एक धागा चिमट्यात धरून निरांजनाच्या ज्योतीस लावावा, केस जळल्यासारखा वास येऊन बोटांनी चुरडणारी काळी राख उरली, तर रेशीम (लोकरही अशीच जळते, पण लोकरीचे लुगडे कोण नेसणार!), कागद जळल्याचा वास व मऊ करडी राख उरली, तर सूत, अथवा रेशमाच्या नावाने मिरवणारे रेयॉन, आणि धागा आक्रसून, वितळून त्याचा कठीण मणी झाला, तर निःसंशय कृत्रिम धागा, बहुधा पॉलिएस्टर, जे आमच्याच पाताळगंगेकाठी १९८२ पासून तयार होते. पणजीच्या लग्नातले म्हणून दाखवलेले वस्त्र असे वितळले, तर वस्त्रापेक्षा कथाच तपासावी.

माझा आक्षेप आहे तो ही परीक्षा न करता जुने शालू जरीपायी मोडीत घालणाऱ्यांना. तिथे चांदीचे वजन गुंजेपर्यंत होते, रेशमाचा मोबदला शून्य.