यहुदा कोण?

१७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये बॉब डिलन गात असता श्रोत्यांतून आरोळी उठली: ‘यहुदा!’ लोकगीतांची साधी गिटार बाजूस ठेवून विजेची गिटार आणि साथीदारांचा ताफा त्याने जवळ केला, हाच त्याचा अपराध. तेव्हापासून कलावंताने रूप पालटले की तो विकला गेला, असे म्हणण्याची रीतच पडली आहे.

वाचकहो, आम्हां धर्मोपदेशकांस हा शब्द जपून वापरावा लागतो. यहुदाने काय केले होते? त्याने पेहराव बदलला नव्हता. शिष्याचे रूप आणि प्रेमाचे चुंबन दोन्ही तशीच ठेवून त्याने तीस नाण्यांसाठी प्रभूला शत्रूच्या हाती दिले. द्रोहाला रूपांतराची गरज नसते. ओळखीचा चेहराच त्याच्या अधिक उपयोगी पडतो.

शिवाय, ज्या ‘खऱ्या’ डिलनसाठी श्रोते हळहळले, तो तरी मूळचा होता काय? मिनेसोटातील हिबिंग गावच्या एका दुकानदाराचा हा मुलगा रॉबर्ट झिमरमन. शाळेत असताना तो रॉक संगीतच वाजवीत असे. भटक्या लोकगायकाचा वेश त्याने पुढे पांघरला. श्रोत्यांनी एका मुखवट्यालाच चेहरा मानले आणि तो उतरताच विश्वासघाताची हाकाटी केली!

विक्रीची खूण म्हणजे मोल. १९७९ साली डिलनने गाजलेली गीते वगळून केवळ ख्रिस्तश्रद्धेची नवी गीते गाण्यास आरंभ केला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत काही श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडविली. ज्या बदलाने गिऱ्हाईक दुरावते, त्याला विक्री कसे म्हणावे?

तो निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. २००४ साली तो स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांच्या जाहिरातीत झळकला, २०१४ साली मोटारीच्या. विक्रीचा आरोप करायचाच तर येथे करावा. परंतु येथे बाजाराने विकत घेतले ते काय? नवे रूप नव्हे. जगाने देव्हाऱ्यात बसविलेली जुनी प्रतिमाच.

म्हणून आम्ही म्हणतो, कलावंताचे कपडे आणि वाद्ये मोजू नका. त्याने काय दिले, कोणास दिले आणि बदल्यात काय घेतले, एवढेच विचारा. आणि त्याने आपल्यासाठी जन्मभर तेच गावे असा हट्ट धरताना, आपण त्याला तिकिटाच्या पैशांत विकत घेऊ पाहत नाही ना, हेही एकदा स्वतःला विचारा.