ख्रिस्ती माणूस आणि आपली संस्कृती

‘सर, तुम्ही ख्रिस्ती असून मराठी इतके चांगले कसे बोलता?’ असे विचारणारे लोक वाईट हेतूने विचारत नाहीत. त्यांना कौतुकच करायचे असते. पण ह्या कौतुकाच्या पोटात एक समज दडलेला असतो, की ख्रिस्ती म्हणजे घरी इंग्रजी बोलणारा, डिसेंबरात केक वाटणारा कुणीतरी परका माणूस. मराठी किंवा कन्नड ही त्याने बाहेरून उचललेली भाषा. माझ्या आजीला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ती कामाला जाई, पहाटे जात्यावर ओव्या म्हणे आणि रविवारी उपासनेला टिळकांची भजने गाई. तिला हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही, कारण तिचे बोलणे आणि शेजारणीचे बोलणे ह्यांत फरकच नव्हता.

प्रश्न आला की आमच्यातले काही जण लगेच पावत्या काढून दाखवतात. आम्ही शाळा काढल्या, आम्ही दवाखाने काढले. ते खोटे नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयाने चिकोडी-निपाणीकडच्या किती माणसांचे प्राण वाचवले ह्याची मोजदाद होणार नाही. आपल्याकडचे जुने लोक अजूनही ‘मिरजेच्या मिशनात नेले होते’ असेच म्हणतात. परंतु उपकाराची पावती दाखवून कुणी घरचा होत नाही. शिवाय ज्या डॉक्टरांनी ते केले त्यांचे श्रेय केवळ धर्म एक म्हणून मी माझ्या खिशात का घालावे? मला निराळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ख्रिस्ती माणसांनी ह्या मुलुखात जे लिहिले, गायले, रचले, त्यातले काय सर्वांचे झाले आणि काय धूळ खात पडले? आणि का?

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. बाबा पदमनजी हे नाव मराठी विषय घेणाऱ्यांना परीक्षेपुरते ठाऊक असते: ‘यमुनापर्यटन’, सन १८५७, मराठीतील पहिली कादंबरी, गुण दोन. पण हा माणूस १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात जन्मला, तिथल्या मिशनच्या शाळेत शिकला आणि १८५४ साली बेळगावातच त्याने बाप्तिस्मा घेतला, हे आपल्या वर्गातल्या किती जणांना माहीत आहे? मराठी कादंबरीचे मूळ फक्त पुण्यामुंबईत शोधणाऱ्यांनी एक वळसा बेळगावला घालायला हरकत नाही.

कादंबरी म्हणून ती आज कच्ची वाटते. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, गावोगाव विधवांच्या हकिगती त्यांच्या कानी पडतात, पुढे यमुनेवरच वैधव्य कोसळते, आणि अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. शेवट लेखकाने आधीच ठरवून ठेवला आहे हे कोणत्याही वाचकाला कळते, आणि मला विचाराल तर त्या शेवटाने कादंबरीचे नुकसानच केले आहे. पण मधल्या पानांतल्या त्या बायका खऱ्या आहेत. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला; कायद्याच्या कागदावर नसलेले केशवपन, उपासमार, टोमणे हे सारे पुढल्याच वर्षी ह्या बेळगावकराने कथेत आणले. त्याने प्रश्न घेतला तो मुख्यतः हिंदू घरांतला, सर्वांच्या डोळ्यांसमोरचा. म्हणून पुस्तक टिकले.

त्याच शतकात मिशनांनी धर्मखंडनाच्या पुस्तिका ढिगांनी छापल्या. खुद्द बाबांचाही त्या कामात हात होता. आज त्या अभ्यासकाशिवाय कुणी उघडत नाही, आणि मला त्याचे दुःखही नाही. शेजाऱ्याच्या देवघरावर दगड मारायचे आणि त्याच्याच ओसरीवर बसून आपले गाणे ऐकवायचे, हे जमणार कसे?

गाण्यावरून फादर स्टीफन्स आठवतात. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि येशूचे चरित्र त्याने मराठी ओवीत रचले. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात जाते. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकायची सवय होती, तेव्हा त्यांना पुराणच दिले पाहिजे हे त्याला उमगले. मात्र सत्याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने हे पुराण छापले गेले, त्याच सत्तेने पुढे १६८४ साली लोकांनी आपली बोली टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असे फर्मान काढले. पहिल्या छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण जगले ते गोव्यातून कानडा मुलुखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या तोंडी आणि हस्तलिखितांत, आणि १९०७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली ती मंगळूरला. कर्नाटकाने जपलेले मराठी पुराण! सीमावादात अडकलेल्या आपल्या दोन्ही बाजूंच्या मित्रांनी ही गोष्ट जरा मनात घोळवावी.

(परके आणि आपले ह्यांच्या सीमा तशा गमतीच्याच असतात. ज्या पिकावर निपाणीची बाजारपेठ उभी राहिली, त्या तंबाखूचे रोप पोर्तुगिजांच्या गलबतातून आले. मराठीने नावासकट त्याला घरात घेतले, कन्नडने ‘होगेसोप्पु’, म्हणजे धुराचा पाला, असे घरचे नाव ठेवले. दोन्ही रीती चांगल्याच.)

रेव्हरंड टिळकांनी दुसरी रीत पत्करली, घरचे नाव देण्याची. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना दिसले की मराठी मंडळी रविवारी इंग्रजी गीतांची ओढूनताणून केलेली भाषांतरे इंग्रजी चालींवर म्हणतात. त्यांनी अभंग रचले, भजने रचली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. ‘उपासनासंगीता’त त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. त्यांत तुकाराम-ज्ञानेश्वरांची बोली आहे, आणि ती उसनी आणलेली वाटत नाही, कारण धर्म बदलताना त्यांनी आपले बालपण, आपले संत व आपला देश टाकून दिला नव्हता. ह्याच टिळकांची घायाळ पक्षिणीवरची कविता शाळाशाळांतून पाठ केली गेली. कवी पाद्री आहे हे म्हणणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांत ते वारले. तो दरबार पुढे वाढला नाही.

आणि लक्ष्मीबाई! शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईच्या ‘स्मृतिचित्रां’ना मराठी गद्यात तोड नाही असे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि पुन्हा सांगेन. नवऱ्याच्या धर्मांतराने तिचे घर मोडले, माहेर तुटले, सोवळ्याओवळ्याशी तिने स्वतःशीच झगडा केला, आणि हे सारे ती हसत हसत सांगते. कुणाला पटवायचे नाही, कुणाला हिणवायचे नाही. ते ‘ख्रिस्ती साहित्य’ आहे का? असेल, पण ते कपाट तिने केव्हाच ओलांडले.

आता कन्नडकडे वळू, कारण आमच्या मराठी विभागाची पाने संपली की बहुतेक वाचक अंक मिटून ठेवतात, हे मला माहीत आहे. हर्मन मोग्लिंग यांनी १८४३ साली मंगळुरात ‘मंगळूर समाचार’ हे पहिले कन्नड वृत्तपत्र काढले. फर्डिनांड किट्टेल १८५३ साली आले. त्यांनी १८६२ साली ‘कथामाले’त ख्रिस्तचरित्र कन्नड छंदांत बांधले, म्हणजे स्टीफन्सने ओवीत केले तेच. परंतु त्यांचे नाव राहिले ते १८९४ च्या शब्दकोशामुळे. सुमारे सत्तर हजार शब्दांचा हा कोश करताना त्यांनी जैन, वीरशैव, ब्राह्मण कवींचे जुने ग्रंथ धुंडाळले, व्याकरण व छंदःशास्त्रावरचे जुने ग्रंथ संपादून छापले. असे ग्रंथ चाळण्यात एका मिशनऱ्याने आयुष्य घालवावे हे त्यांच्या मिशनमधल्या काहींना रुचत नसे. आज त्या काहींची नावे कुणाला आठवत नाहीत. मराठीत मोल्सवर्थचा कोश तसाच. १८३१ ची पहिली आवृत्ती शास्त्रीमंडळींना सोबत घेऊन सिद्ध झाली, १८५७ ला दुसरी निघाली, आणि अजून कुणा संशोधकाचे पान त्याशिवाय हलत नाही. शब्दकोशात धर्मप्रचार तो कितीसा असणार? पण भाषेवर इतके कष्ट घेणे ही त्या माणसांची उपासनाच होती असे मला वाटते.

हे सारे जुने झाले. आजचे काय? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी २०१९ साली अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा धर्मगुरूला मराठीच्या व्यासपीठावर बसवता कसे, असा आक्षेप काहींनी घेतला. जन्मभर मराठीत लिहिणारा, ‘हरित वसई’साठी रस्त्यावर उतरणारा, बायबल सुबोध मराठीत आणणारा हा लेखक, तरी प्रश्न धर्माचाच निघाला. जानेवारी २०२० मध्ये ते संमेलन पार पडले, त्यांनी अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते गेले. ह्या आक्षेपाचा मला राग आला होता, अजूनही येतो. पण रागाच्या भरात आपल्या घराकडे पाहायचे राहू नये.

आमच्या घरात काय चालले आहे? तरुण मंडळी उपासनेत गिटार व कीबोर्डवर इंग्रजी गीते म्हणतात किंवा त्यांची तशीच ओढूनताणून केलेली भाषांतरे, ज्यांना टिळक कंटाळले होते. टिळकांची भजने म्हणणाऱ्या आवाजांत आता बहुतेक म्हातारेच. मुले इंग्रजी माध्यमात. घरातले मराठी किंवा कन्नड बायबल त्यांना अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. मग कुणी परके म्हटले की आम्ही रागावणार! ज्या भाषेत आजी रडली-हसली ती भाषा आपणच टाकून द्यायची आणि तिच्या दारात जागा मागायची, ह्यात मला काही संगती दिसत नाही.

आमच्यातले जे थोडे लिहितात ते नाताळाच्या व गुड फ्रायडेच्या अंकांत लिहितात. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती विषयांवरच लिहावे असा दंडक कुणी घातला? निपाणीच्या वखारींत आयुष्य काढलेल्या बायका आपल्या शेजारी आहेत. १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन पाहिलेली माणसे आता थकत चालली आहेत. त्यांच्या आठवणी कुणी टिपून घेतल्या? त्या बायकांच्या ओव्या, मराठीतल्या आणि कन्नडमधल्याही, कुणी उतरवून घेतल्या? चिकोडीकडच्या कितीतरी घरांप्रमाणे आमच्याही घरांत एक भाषा चुलीपाशी आणि दुसरी बाजारात चालते. एकाच उपासनेत दोन्ही भाषांची गीते म्हटलेली मी ऐकली आहेत. ज्याला दोन्ही येतात त्याच्यावर हे काम आधी येते. हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत मित्रांनी ते करू नये असे नव्हे. त्यांनी आमच्या आधी केले तर मला आनंदच होईल आणि थोडी लाजही वाटेल.

ह्या अंकात दोन भाषांचे विभाग एका बांधणीत शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. पुढच्या वर्षीसाठी मी कन्नड विभागाच्या संपादकांशी बोललो आहे. ‘यमुनापर्यटना’तले एक प्रकरण कन्नडमध्ये यावे, असे ठरते आहे. भाषांतर करणारी विद्यार्थिनी लिंगायत घरातली आहे. मराठी अडेल तिथे मी सांगायचे. गोष्ट समजावून देताना मी ‘सोवळी केलेली बाई’ असे म्हटले आणि ती अडली. सोवळ्याला कन्नडमध्ये ‘मडि’ म्हणतात हे तिला ठाऊक होते, पण केस काढलेल्या विधवेलाही ‘मडि हेंगसु’ म्हणत, हे तिला माहीत नव्हते. दोन्ही भाषांनी त्या बाईला एकच पवित्र नाव दिले आणि एकाच अंधाऱ्या खोलीत बसवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग किट्टेलचा कोश ग्रंथालयात कोणत्या कपाटात असतो, असे तिने मला विचारले.