शजऱ्यातून गळलेल्या लेकी

रमजानमध्ये इफ्तारनंतर दस्तरखानावर जुन्या गोष्टी निघतात. यंदा आमच्या घरी खानदानाचा शजरा लिहून काढायचे ठरले. राज्य सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुन्या, हस्तलिखित सातबारा आणि फेरफारांच्या स्कॅन केलेल्या प्रती मिळतात. जिल्हा, तालुका, गाव निवडायचे आणि गट किंवा सर्व्हे नंबर टाकायचा. निफाड तालुक्यातल्या आमच्या जमिनीचा जुना नंबर अब्बांना तोंडपाठ होता.

पणजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार सापडला. वारस चार : दोन मुलगे, दोन मुली. अब्बांना एकच फुफी ठाऊक होती. दुसरीचे नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. खाली नोंद होती, दोघींनी भावांच्या लाभात हक्क सोडला. पुढच्या सातबाऱ्यावर त्या नाहीत. आमच्या शजऱ्यातही नव्हत्या.

हक्क राजीखुशीने सोडला, की माहेरचे दार बंद होईल या धास्तीने? कागद ते सांगत नाही. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे कागद निघतील, हे आपण सारे जाणतो. कुरआनच्या सूरह निसामध्ये आई-वडिलांच्या मालमत्तेत लेकीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो भावाने मेहरबानी म्हणून द्यायचा नाही. तरीही 'आमच्या बहिणींनी काही मागितलेच नाही' हे आपण अभिमानाने सांगतो.

काही जण म्हणतील, इतक्या वर्षांनी जुने उकरून भांडणे कशाला? मला वाटते, रमजानमध्येच हे विचारायला हवे. जकातीसाठी आपण सोन्याचा तोळान् तोळा मोजतो. मग बहिणीचा हिस्सा कोणत्या हिशेबात धरायचा? नातीगोती जोडणे, म्हणजे सिलह-रहमी, केवळ ईदला शीरखुर्मा पाठवून पुरी होत नाही.

त्या दुसऱ्या फुफींची नात सिन्नरला राहते, असे चौकशीअंती कळले. अब्बांनी स्वतः फोन केला. जमिनीचे काय करायचे ते दोन्ही घरे बसून ठरवतील. शजऱ्यात मात्र दोघींची नावे आम्ही लिहिली आहेत.

तुमच्याही घरात कुणी बुजुर्ग असतील, तर गावाचे नाव आणि जमिनीचा नंबर आजच विचारून ठेवा. कागद उघडलात, की आधी लेकींची नावे शोधा.